गर्भारपण आणि टॉक्सोप्लाझ्मोसिस: मांजर, मटण, माती आणि हातात पडलेला रिपोर्ट

घरात दिवस गेल्याची बातमी आली की पहिली गदा येते मांजरावर. सासूबाई म्हणतात, पोटुशी बाई आणि मांजर एका घरात नको. कोणीतरी मोबाइलवर आलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं. मग चार दिवसांत मांजर पिशवीत घालून मासळी बाजाराकडे सोडलं जातं. त्याच रविवारी घरात मटण येतं. ते आदोळीवर, म्हणजे विळीवर कापलं जातं, आदोळी नुसती पाण्याखाली धरून तिच्यावरच कोशिंबिरीची काकडी चिरली जाते, आणि मसाला लावलेल्या कच्च्या मटणात बोट बुडवून मीठ चाखलं जातं. टॉक्सोप्लाझ्मोसिस या पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या संसर्गाची धास्ती घेतलेल्या घराने बदलायला हवं होतं ते हे रविवारचं काम. मांजर राहिलं असतं तरी चाललं असतं.

हा लेख गोव्यातल्या गर्भार बायकांसाठी, मूल हवं म्हणून तयारी करणाऱ्या जोडप्यांसाठी आणि घरातल्या जाणत्या माणसांसाठी आहे. काय खावं, काय टाळावं, टेस्ट कधी करावी, रिपोर्ट कसा वाचावा आणि तो ‘पॉझिटिव्ह’ आला तर पुढची पावलं कोणती, ते क्रमाने सांगते. औषधांचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचाच.

हा जंतू येतो कुठून

टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा डोळ्यांना न दिसणारा, एकाच पेशीचा परजीवी आहे. १९०८ साली ट्युनिसमध्ये गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात तो सापडला, त्यावरून त्याला हे नाव मिळालं. मांजर आणि मांजराच्या कुळातले प्राणी एवढ्यांच्याच आतड्यांत त्याची अंडीसदृश बीजं तयार होतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. बाकी शेळी, मेंढी, डुक्कर, गाय, कोंबडी, माणूस यांच्या शरीरात तो स्नायूंत आणि मेंदूत बारीक गाठोड्या करून मुक्काम ठोकतो. कच्चं किंवा अर्धकच्चं मांस पोटात गेलं की या गाठोड्यांतून संसर्ग होतो. मातीतली बीजं भाजीवरून, पाण्यातून किंवा नखांतून तोंडात गेली तरी होतो.

निरोगी माणसाला बहुतेक वेळा काही कळतच नाही. क्वचित मानेत गाठी येतात, थोडा ताप येतो, अंग मोडून येतं, आणि चार-सहा आठवड्यांत सगळं ओसरतं. पावसाळ्यात गोव्यात ताप आला की आधी डेंगी, मलेरिया आणि लेप्टो यांचा विचार करायला हवा. तेव्हा तापावरून स्वतःच टॉक्सोचं निदान करत बसू नका, तपासून घ्या.

एकदा संसर्ग झाला की शरीरात कायमची प्रतिकारशक्ती तयार होते. म्हणून लहानपणी, कॉलेजात असताना किंवा लग्नाआधी कधीतरी हा जंतू येऊन गेला असेल, तर प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या बाईच्या बाळाला सहसा धोका नसतो. खरी काळजी असते ती गर्भारपणातच आयुष्यात पहिल्यांदा संसर्ग होणाऱ्या बाईची. एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या बाईची गोष्ट वेगळी. तिच्यात जुना संसर्गही पुन्हा डोकं वर काढू शकतो. अशा बाईने डॉक्टरांना पहिल्याच भेटीत हे सांगायला हवं.

बाळापर्यंत जंतू पोचण्याचा धोका महिन्यागणिक वाढत जातो. फ्रान्समधल्या बायकांच्या नोंदींवरून १९९९ मध्ये जे आकडे मांडले गेले ते असे: आईला १३व्या आठवड्यात संसर्ग झाला तर सुमारे ६ टक्के बाळांना तो लागतो, २६व्या आठवड्यात झाला तर सुमारे ४० टक्के, आणि ३६व्या आठवड्यात झाला तर सुमारे ७२ टक्के बाळांना. यातल्या बहुतेक बायकांवर उपचार झालेले होते. इजेची तीव्रता मात्र उलट चालते. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला लागण होण्याची शक्यता कमी, पण झाली तर मेंदूला आणि डोळ्यांना मोठी इजा होऊ शकते, गर्भपातही होऊ शकतो. शेवटच्या महिन्यांत लागण सहज होते, पण जन्माच्या वेळी बहुतेक बाळं धडधाकट दिसतात.

मांजराचं काय करायचं

मांजर घरातच ठेवा. २००० साली युरोपातल्या सहा शहरांत गर्भार बायकांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ३० ते ६३ टक्के संसर्ग नीट न शिजलेल्या मांसामुळे आणि ६ ते १७ टक्के मातीशी आलेल्या संबंधामुळे झालेले आढळले. मांजराशी संपर्क हे कारण त्यात ठरलं नाही. यामागचं कारण मांजराच्या पोटातच आहे. मांजर आयुष्यात पहिल्यांदा बाधित होतं तेव्हा साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून ही बीजं पडतात, लाखोंनी पडतात, आणि मग सहसा थांबतात. ती ताज्या विष्ठेत संसर्गजन्यही नसतात. त्यांना पक्व व्हायला १ ते ५ दिवस लागतात. अंगावर बसणारं, दूध-भात खाणारं वयस्क मांजर कुरवाळलं म्हणून बाळाला काही होत नाही.

घरात मांजरासाठी मातीचा किंवा वाळूचा ट्रे असेल तर तो रोज साफ झाला पाहिजे, म्हणजे बीजं पक्व व्हायच्या आत बाहेर जातात. हे काम नवऱ्याने करावं, दिराने करावं, कोणीही करावं, गर्भार बाईने मात्र करू नये. करायला दुसरं कोणीच नसेल तर रबरी हातमोजे घालून करावं आणि नंतर साबणाने हात धुवावेत. ट्रे उकळत्या पाण्याने धुवायचा. ब्लीचने ही बीजं मरत नाहीत.

मांजराला कच्चं मटण किंवा कोंबडीची आतडी घालू नका, शिजवलेलंच घाला. उंदीर आणि पाखरं मारून खाणारं मांजरच जास्त बाधित होतं, म्हणून घरातलं मांजर शक्य तितकं घरात ठेवता आलं तर उत्तम. नऊ महिन्यांत नवं पिल्लू घरी आणू नका, रस्त्यावरचं उचलून घेऊ नका. मांजराची रक्ततपासणी करून घेण्याचाही उपयोग होत नाही. ज्या मांजरात अँटिबॉडी, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं सापडतात, त्याचा बीजं टाकण्याचा काळ बहुधा संपलेला असतो.

गावात मांजराला ट्रे कसला? ते जातं परसात, केळीच्या बुडाशी, कोथिंबिरीच्या वाफ्यात, आणि बांधकामासाठी आणून टाकलेल्या रेतीच्या ढिगात. घराचं काम चालू असेल तर रेतीवर ताडपत्री टाका. वाफ्यावर जाळी घाला. अंगणातल्या कुंड्यांवर नारळाच्या किशी पसरल्या तरी मांजर तिथे उकरत नाही.

स्वयंपाकघर: सगळ्यात जास्त लक्ष इथे

गोव्याचा जुना स्वयंपाक या बाबतीत बाईच्या बाजूचा आहे. शागुती म्हणा, सोर्पोतेल म्हणा, मटणाचं सुकं म्हणा, सगळं भरपूर उकळून, मुरवून शिजतं. संपूर्ण मांस ६७ अंश सेल्सियसच्या वर पोचलं की या जंतूच्या गाठोड्या मरतात. खिमा आणि कटलेट आतपर्यंत ७१ अंश, कोंबडी ७४ अंश, अशी मोजमापं दिली जातात. घरात थर्मामीटर कोणी ठेवत नाही, तेव्हा सोपी खूण: सर्वात जाड तुकडा कापून बघा, आत गुलाबी रंग नको आणि रस पारदर्शक हवा. कुकरला शिट्टी झाली की १०० अंशांच्या वरचं काम झालेलं असतं, तिथे शंकेला जागा नाही.

चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाची गोव्याची सॉसेज, वाळवताना मीठ, व्हिनेगर, मसाला आणि धूर सगळं लागतं, पण त्यावर भिस्त ठेवू नये. मिठाचं प्रमाण घराघरांत वेगळं, वाळवणं ऋतूप्रमाणे वेगळं. चोरीस फोडून थोड्या पाण्यात उकळावी, पाणी आटल्यावर तिच्याच चरबीत कांद्याबरोबर परतावी, तुकडा आतून पूर्ण शिजला की खावी. रस्त्यावरच्या गाड्यावर चोरीस-पाव खावासा वाटला तर पाव भरायच्या आधी तव्यावर काय किती वेळ शिजतंय ते डोळ्यांनी बघा, आणि मन साशंक असेल तर नको म्हणा. शॅकमधलं आतून लालसर स्टेक, सळईवर वरवर भाजलेला कबाब आणि स्मोक केलेलं मांस हे नऊ महिने बंद.

घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर विसंबू नका. पूर्ण गोठवण्याच्या, म्हणजे उणे १२ अंशांच्या खालच्या तापमानात काही दिवस ठेवलं तर गाठोड्या मरतात, पण घरचा कप्पा तेवढा थंड राहतोच असं नाही, आणि पावसात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते सर्वांना ठाऊक आहे.

मासळीबद्दल बायका विनाकारण घाबरतात. बांगडा, इसवण, सुंगटं यांच्या मांसात टॉक्सोच्या गाठोड्या नसतात, तेव्हा नीट शिजवलेली मासळी खात राहा, ती सोडल्याने उलट पोषणाचा तोटा होतो. शिंपले मात्र वेगळे. तिसऱ्या, शिणाणे आणि कालवं पाणी गाळून जगतात आणि गावातून ओहोळाने खाडीत आलेली बीजं त्यांच्यात साठू शकतात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात कच्ची कालवं आणि शिंपले खाणं टॉक्सोच्या संसर्गाशी जोडलेलं आढळलं होतं. तिसऱ्या आदोळीवर उघडून, अर्धी शिंप काढून करायच्या असतील तर त्या रश्श्यात चांगल्या उकळू द्या. वाफेवर तोंड उघडल्या म्हणजे झाल्या असं समजू नका, त्यानंतरही काही मिनिटं उकळी हवी. लिंबू पिळून दिलेलं कच्चं कालव कितीही ताजं असलं तरी घेऊ नका.

आता आदोळी. आपल्या घरांत एकच आदोळी मासळी, मटण, भाजी आणि खोबरं सगळ्याला चालते, आणि तिच्या पात्याच्या बुडाशी, लाकडात रुतलेल्या जागी मांसाचा रस अडकतो. गर्भारपणात दोन आदोळ्या किंवा मटणासाठी वेगळी सुरी ठेवा. एकच असेल तर क्रम बदला: आधी कोशिंबीर, खोबरं आणि कच्चं खायचं सगळं चिरून घ्या, मटण शेवटी कापा. मग पातं, पाट आणि बुडाची खाच साबणाने घासून गरम पाण्याने धुवा. कच्चं मांस हाताळताना हातमोजे चांगले. ते नसतील तर हात मनगटापर्यंत साबणाने धुवा, नखांखालचं ब्रशने काढा. मीठ चाखायचं असेल तर रस्सा उकळल्यावर चाखा. सकाळी कच्चा खिमा तोंडात टाकून मीठ बघण्याची काही घरांत सवय असते, ती आधी मोडा.

दूध तापवून घ्या. शेळीचं कच्चं दूध आयुर्वेदिक म्हणून कोणी दिलं तरी उकळल्याशिवाय घेऊ नका, कारण शेळीच्या कच्च्या दुधातून हा संसर्ग माणसाला झाल्याच्या नोंदी आहेत.

आणि एक गोष्ट शाकाहारी घरांसाठी. ‘आमच्याकडे मांस-मासळी काही नाही, आम्हाला कसली भीती’ असं मानू नका. मांसाची वाट बंद झाली तरी मातीची, भाजीची आणि पाण्याची वाट उघडीच असते.

माती, परस, पाणी

टॉक्सोची बीजं दमट, सावलीच्या मातीत वर्षभरसुद्धा टिकतात. गोव्याचा पावसाळा आणि कुळागराची ओलसर सावली त्यांना मानवते, कडक ऊन मात्र मारतं. पावसाळी भाज्यांचा हंगाम आला की तायकिळा, फागलं, अळू, तांबडी भाजी घरात येते. त्या भाज्या खाव्यातच, फक्त शिजवून. कच्च्या खायच्या काकडी, मुळा, कोथिंबीर या भाज्या वाहत्या पाण्याखाली एकेक पान चोळून धुवा. मीठ घातलेल्या पाण्यात, व्हिनेगरमध्ये किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने ही बीजं मरत नाहीत. ती निघतात ती पाण्याच्या धारेने आणि चोळण्याने. कांदा, काकडी, गाजर सोलून घेतलं तर आणखी बरं. बाहेर जेवताना ताटातली कच्ची कोशिंबीर सोडून द्यायची.

तुळशीची माती, कुंड्या, भातलावणी, भाजीचे वाफे, चतुर्थीच्या माटोळीसाठी रानातून आणलेल्या फांद्या आणि फळं हे सगळं मातीचंच काम. सत्तरीत, डिचोलीत, पेडण्यात शेतात जाणाऱ्या बायकांना ‘मातीत हात घालू नका’ असा सल्ला देणं सोपं आहे. खरं तर घराने ते काम वाटून घ्यायला हवं. जिथे ते जमत नाही तिथे हातमोजे घाला, तोंडाला आणि डोळ्यांना हात लावू नका, शेतात जेवायच्या आधी बाटलीतलं स्वच्छ पाणी आणि साबण वापरून हात धुवा, घरी आल्यावर नखं घासा. तुळशीची पूजा नेहमीसारखी करा, फक्त कुंडी उकरायचं काम दुसऱ्याला द्या.

काजूच्या दिवसांत जमिनीवर पडलेले बोंडू उचलून तसेच खाल्ले जातात. घरी आणून धुवून खा. नीरोच्या बाबतीतही जरा थांबा. तो जमिनीवरून वेचलेल्या बोंडवांचा, न उकळलेला रस असतो, त्यामुळे गर्भारपणात सोडलेला बरा. हुर्राक आणि फेणी तर या दिवसांत नकोच.

पाण्याची बाजू आपल्याकडे फार दुर्लक्षित राहते. २००४-०५ मध्ये कोइंबतूरमध्ये डोळ्यांच्या टॉक्सोप्लाझ्मोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आले, तेव्हा संशय पाण्याच्या साठ्यावर गेला. १९९५ मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातही नळाच्या पाण्यातून साथ पसरल्याचं दिसलं होतं. क्लोरिनने ही बीजं मरत नाहीत, म्हणजे विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली म्हणून टॉक्सोचा प्रश्न सुटत नाही. विहिरीचं, झरीचं किंवा टँकरचं पाणी प्यायचं असेल तर खळखळ उकळी आणून गार करा आणि झाकून ठेवा. बारीक पडद्याच्या, म्हणजे आरओ प्रकारच्या फिल्टरने बीजं अडतात, पण त्याचा पडदा वेळेवर बदललेला हवा. उकळणं सर्वात बिनधोक.

टेस्ट करायची की नाही

फ्रान्समध्ये १९९२पासून, आधी संसर्ग न झालेल्या गर्भार बायकांची या संसर्गासाठी दर महिन्याला तपासणी होते. ऑस्ट्रियातही १९७०च्या दशकापासून अशी सोय आहे. आपल्याकडे सर्वांसाठी सरसकट तपासणी होत नाही. गोव्यात आरोग्य केंद्रात नाव नोंदवल्यावर रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी या तपासण्या होतात. टॉक्सोची टेस्ट डॉक्टरांना गरज वाटली तरच लिहून दिली जाते.

ती करावी असं मला वाटतं ते अशा वेळी: मानेत गाठी आणि ताप एकत्र आला असेल, सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत पाणी साठलेलं किंवा चुन्याचे ठिपके दिसले असतील, कच्चं मांस खाल्लं गेलं असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल. मूल हवं अशी तयारी चालू असेल तर दिवस जाण्याआधीच आयजीजी टेस्ट, म्हणजे रक्तातली टिकून राहणारी अँटिबॉडी शोधणारी तपासणी, करून ठेवणं फार उपयोगी. तेव्हाचा निगेटिव्ह किंवा पॉझिटिव्ह रिपोर्ट पुढे नऊ महिने आधाराला राहतो.

एक वाईट चाल मात्र थांबायला हवी. एखाद्या बाईचे दोन-तीन गर्भ पडले की ‘टॉर्च’ टेस्ट, म्हणजे टॉक्सोसकट काही संसर्गांची एकत्र रक्ततपासणी, लिहिली जाते, त्यात टॉक्सोचा आयजीजी पॉझिटिव्ह येतो, आणि मग महिनोनमहिने औषधं चालतात. जुना टॉक्सो पुन्हापुन्हा गर्भपात घडवतो, याला शास्त्रीय आधार नाही. हा जंतू बाळापर्यंत जातो तो सहसा पहिल्या संसर्गात. वारंवार गर्भ पडत असतील तर थायरॉइड, साखर, गर्भाशयाची रचना, जोडप्याचे गुणसूत्र आणि रक्त गोठण्याशी संबंधित अँटिबॉडी यांचा शोध घ्यायला हवा. टॉर्चच्या नादात ही खरी कारणं राहून जातात आणि बाईवर ‘मांजरामुळे’ असा ठपका बसतो. तो ठपका मला अजिबात मान्य नाही.

रिपोर्ट हातात आला, आता काय

रिपोर्टवर दोन अँटिबॉडींची नावं असतात: कायम टिकणारी आयजीजी आणि ताज्या संसर्गात आधी दिसणारी आयजीएम. दोन्ही निगेटिव्ह असतील तर तुम्हाला आजवर संसर्ग झालेला नाही. ही बातमी चांगली, पण याचाच अर्थ वरची सगळी काळजी तुमच्यासाठीच आहे. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह म्हणजे जुना संसर्ग, आणि पहिल्या पाच-सहा महिन्यांत असा रिपोर्ट आला तर निश्चिंत व्हा. पुढे शेवटच्या महिन्यांत तो पहिल्यांदाच आला असेल, तर गर्भारपणाच्या सुरुवातीला संसर्ग झाला नव्हता ना, हे डॉक्टरांना विचारा.

आयजीएम पॉझिटिव्ह आला की घरात रडारड सुरू होते. थांबा. आयजीएम काही बायकांत महिनोनमहिने, कधी वर्षभराहूनही जास्त रक्तात राहतो, आणि किटमधल्या चुकीमुळेही पॉझिटिव्ह दिसतो. या एका ओळीवर कोणताही निर्णय घ्यायचा नाही, विशेषतः गर्भपाताचा.

आयजीजी निगेटिव्ह आणि आयजीएम पॉझिटिव्ह असेल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या, त्याच लॅबमध्ये. तेव्हाही आयजीजी निगेटिव्हच राहिला तर पहिला आयजीएम बहुधा खोटा होता. आयजीजी नव्याने पॉझिटिव्ह झाला तर संसर्ग ताजा आहे. दोन्ही सुरुवातीलाच पॉझिटिव्ह असतील तर ‘आयजीजी ॲव्हिडिटी’ नावाची टेस्ट सांगा. अँटिबॉडी जसजशी जुनी होते तसतशी तिची पकड घट्ट होत जाते, ही टेस्ट तीच पकड मोजते. पहिल्या १६ आठवड्यांच्या आत घेतलेल्या रक्तात पकड घट्ट म्हणजे हाय आली, तर संसर्ग दिवस जाण्याच्या आधीचा. तुमचं बाळ सुखरूप आहे. पकड ढिली म्हणजे लो आली तर संसर्ग ताजा असेलच असं नाही, कारण काहींची ढिली पकड महिनोनमहिने टिकते. म्हणून लो आलेल्या बाईचा शोध पुढे चालू ठेवावा लागतो, तिथे थांबता येत नाही.

लॅबचा निष्कर्ष आणि तुमचे गर्भारपणाचे आठवडे या दोन्हींची सांगड घालावी लागते, म्हणून रक्त कोणत्या तारखेला दिलं आणि तेव्हा कितवा आठवडा होता ते रिपोर्टवर पेनने लिहून ठेवा. आधीच्या रक्ताचा नमुना लॅबमध्ये जपलेला असेल तर जुना आणि नवा नमुना एकाच वेळी तपासायला सांगा. या प्रकारची गुंतागुंत बांबोळीच्या गोमेकॉसारख्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजसारख्या मोठ्या रुग्णालयातल्या स्त्रीरोग विभागाने पाहावी हे बरं. म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा रुग्णालय असो, तालुक्याचं आरोग्य केंद्र असो, तिथून पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागून घ्या, संकोच करू नका.

संसर्ग ताजा निघाला तर

पहिलं औषध बहुधा स्पायरामायसिन असतं. गर्भारपणाच्या पहिल्या १८ आठवड्यांत आईला संसर्ग झाल्याचं दिसलं की ते लवकरात लवकर सुरू करतात. नेहमीचा डोस दर वेळी १ ग्रॅम, दिवसातून तीनदा. ते वारेत साठतं आणि जंतू बाळापर्यंत जाण्याची शक्यता कमी करण्यासाठी दिलं जातं. बाळाला आधीच लागण झाली असेल तर त्यावर ते पुरेसं नसतं. पोट बिघडणं, मळमळणं असा त्रास होऊ शकतो, पण डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

१८ आठवडे उलटल्यावर, आणि आईला संसर्ग होऊन किमान ४ आठवडे झाल्यावर, गर्भजल काढून त्यात जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआर टेस्ट करतात. सुईने थोडं पाणी काढायचं असतं, सोनोग्राफी बघत. गर्भपाताचा थोडासा धोका त्यात असतो, तो करायच्या आधी समजून घ्या. वर दिलेल्या आठवड्यांच्या आधी केलेली टेस्ट फसवी ठरू शकते.

गर्भजलात जंतू सापडला, किंवा संसर्ग १८ आठवड्यांनंतरचा असेल, तर पायरिमेथामिन आणि सल्फाडायझिन ही दोन औषधं फोलिनिक ॲसिडबरोबर देतात. पायरिमेथामिन पहिल्या तिमाहीत देत नाहीत, बाळाच्या घडणीला अपाय होण्याची भीती असते. इथे एक गोष्ट फार जपायला हवी: फोलिनिक ॲसिड वेगळं आणि सगळ्या गर्भार बायकांना मिळणारी फोलिक ॲसिडची गोळी वेगळी. दुकानात एकाच्या जागी दुसरं दिलं गेलं तर औषधाचा परिणाम घटतो. चिठ्ठीवरचं नाव दुकानदाराला मोठ्याने वाचून दाखवा. ही औषधं चालू असताना दर आठवड्याला रक्तातल्या पेशी मोजाव्या लागतात. सल्फाची ॲलर्जी असेल किंवा घरात कोणाला जी-सिक्स-पीडी या लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असेल तर आधीच सांगा.

दर महिन्याला सोनोग्राफी करून बाळाच्या मेंदूतल्या पोकळ्या, यकृत, पोटातलं पाणी आणि वाढ पाहिली जाते. सोनोग्राफी निर्दोष आली म्हणजे बाळाला संसर्ग नाही असं ठामपणे म्हणता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

काही घरांत या टप्प्यावर ‘काढून टाका’ अशी घाई होते. २०२१मध्ये गर्भपाताच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली त्यानुसार बाळात गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपात करता येतो. म्हणजे वेळ हातातून निसटतोय म्हणून अर्धवट माहितीवर निर्णय घ्यायची गरज नाही. पूर्ण तपासणी होऊ द्या, बालरोगतज्ज्ञाशी बोला, मग ठरवा. ताज्या संसर्गातही बहुतेक बाळं चांगली जन्मतात.

बाळ जन्मल्यावर

बाळाचं रक्त, कानांची तपासणी, बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि डोक्याची सोनोग्राफी, ही चार कामं पहिल्या काही दिवसांत होतात. मेंदूत पाणी साठणं, चुन्याचे ठिपके आणि डोळ्याच्या पडद्यावर सूज ही या आजाराची तीन ठळक चिन्हं, पण बहुतेक बाधित बाळांत जन्मताना यांतलं काहीच दिसत नाही. म्हणून ‘बाळ गुटगुटीत आहे’ एवढ्यावर तपासणी सोडू नका. डोळ्यांचा त्रास पुढे काही वर्षांनी, शाळेत जाऊ लागल्यावर, अगदी तारुण्यातही सुरू होऊ शकतो.

बाधित बाळाला साधारण वर्षभर औषधं चालतात. आईकडून आलेला आयजीजी बाळाच्या रक्तात काही महिने राहतो आणि हळूहळू उतरतो. १२ महिन्यांनंतरही तो टिकून असेल तर बाळाला स्वतःचा संसर्ग झाल्याचं मानतात, आणि पूर्ण उतरला तर शंका मिटते. म्हणून वर्षाची रक्ततपासणी चुकवू नका, मूल कितीही खेळत-बागडत असलं तरी. अंगावरचं दूध पाजायला काहीच हरकत नाही. आईच्या दुधातून हा संसर्ग बाळाला होतो असं दिसलेलं नाही.

पुढचं मूल हवं असेल तर ताज्या संसर्गानंतर सहा महिने थांबायचा सल्ला सहसा देतात. पुढच्या गर्भारपणात कोणी पुन्हा टॉर्च लिहून दिली तर जुना आयजीजीचा रिपोर्ट पुढे करा. एकदा पॉझिटिव्ह आलेला आयजीजी पॉझिटिव्हच राहणार आहे, त्यासाठी पुन्हा पैसे घालवायचं कारण नाही.